अवर्षणाच्या वर्षीं माळव्याची लागण

पाऊस ओढ देतो तेव्हां जिराईत शेतकऱ्याचें नुकसान सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें. पेरणी साधत नाहीं, साधली तरी दुबार करावी लागते, आणि उघडें पडलेलें शिवार पाहून वाटेनें जाणाऱ्या परक्यासही दुष्काळ समजतो. माळवें करणाऱ्या लहान बागाइतदाराची गोष्ट निराळी आहे. आश्विनांत त्याच्या विहिरींत पाणी दिसत असतें, मळा हिरवा असतो, आणि शेजारीपाजारी त्यास भाग्यवान समजतात. त्याचें अवर्षण चार महिने उशिरां येतें. कांदा पोसूं लागावा, टोमॅटोस फळ धरावें, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यांत विहिरीनें तळ दाखवावा, हा प्रसंग पाहिला नाहीं असा मळेकरी आमच्या कमी पावसाच्या मुलखांत क्वचितच सांपडेल. तोंपर्यंत बियाणें, खत, औषधें, लावणीची व खुरपणीची मजुरी हा सर्व खर्च होऊन चुकलेला असतो; काढणी मात्र व्हावयाची असते. सोसायटीचें कर्ज तेवढें मागें उरतें.

हें सारें दैवाचें म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे चाल आहे. पाऊस आपल्या हातीं नाहीं हें खरें. परंतु किती गुंठे लावावे, केव्हां लावावे व काय लावावें, ह्या तिन्ही गोष्टी सर्वस्वीं आपल्या हातीं असतात. आम्हांस ह्या लेखांत जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत इतकेंच कीं, माळव्याचें क्षेत्र जमिनीवरून ठरवूं नये, आणि लावणीच्या दिवशीं विहिरींत दिसणाऱ्या पाण्यावरूनही ठरवूं नये. ज्या महिन्यांत त्या पिकास शेवटचें पाणी द्यावयाचें, त्या महिन्यांत आपली विहीर काय देईल ह्यावरून तें ठरवावें. हें म्हणण्यास सोपें आहे. तें आंकड्यांनीं कसें साधावें हें पुढें दाखवितों.

विहिरीचा स्वभाव

महाराष्ट्राचा सुमारें शेंकडा ८० भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बसाल्ट खडकाचा आहे. नदीकांठच्या वाळूंत किंवा गाळांत जसें सर्वत्र पाणी सांठतें तसें ह्या खडकांत सांठत नाहीं. वरचा झिजलेला मुरूम आणि खालच्या कातळांतील भेगा एवढींच काय तीं पाण्याचीं कोठारें, आणि तींही लहान. चांगल्या पावसानें तीं लवकर भरतात, व उपसा चालू राहिला म्हणजे लवकरच रितीं होतात.

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा जो पट्टा आहे, ज्यांत पुरंदर, बारामती, दौंड, माण, खटाव, सांगोला इत्यादि तालुके येतात, त्यांत वर्षाचा पाऊस बहुधा ७५० मिलिमीटरांहून कमी पडतो, आणि कित्येक ठिकाणीं ५०० च्या आसपासच राहतो. त्यांतला मोठा वांटा भाद्रपद-आश्विनांत, उत्तरा व हस्त ह्या नक्षत्रांवर पडावयाचा असतो. हस्त कोरडा गेला तर हीं कोठारें भरतच नाहींत. परंतु पूर्वीं सांठलेलें पाणी विहिरींत दिसत असल्यामुळें ती गोष्ट लगेच ध्यानांत येत नाहीं.

म्हणून प्रथम एक भेद पक्का समजून घ्यावा. विहिरींत दिसणारें पाणी निराळें, आणि विहिरीस रोज येणारें पाणी निराळें. पहिली घरची शिल्लक होय, दुसरें रोजचें उत्पन्न होय. शिल्लक पाहून कोणी शहाणा मनुष्य वर्षाचा संसार मांडीत नाहीं. वीस फूट व्यासाच्या विहिरींत दहा फूट पाणी उभें असलें तरी तें सुमारें ८८,००० लिटर भरतें. आणि दोन इंचांची एक पाळी द्यावयाची म्हटली तर तेवढ्यांत १७ गुंठेच भिजतात. दुसऱ्या पाळीस रोजच्या आवकेवरच यावें लागतें.

मोजणी कशी करावी

आवक मोजण्यास यंत्र लागत नाहीं. एक दोर घ्यावा, त्यास फुटाफुटांवर गांठी माराव्या व टोंकास दगड बांधावा. अमावास्येस औत न धरण्याची चाल पुष्कळ गांवीं आहे. त्याच दिवशीं पंपासही विसावा द्यावा. आदल्या दिवशीं सायंकाळीं उपसा बंद करून पाण्याची पातळी मोजावी, आणि अमावास्येस त्याच वेळीं, मध्यें उपसा न करितां, ती पुन्हा मोजावी. जितके फूट पाणी चढलें तितकी त्या दिवसाची आवक. पौर्णिमेसही हेंच करावें. महिन्यांतून दोनदां हा आंकडा वहींत तारखेसह टिपून ठेवावा.

आतां ह्या फुटांचे लिटर करावयाचे. विहिरीचा व्यास फुटांत घेऊन त्यास त्यानेंच गुणावें, आणि आलेल्या संख्येस २२ नें गुणावें. एक फूट खोलीच्या पाण्याचे लिटर निघतात. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीस २० गुणिले २० गुणिले २२, म्हणजे ८,८०० लिटर. पंधरा फुटांच्या विहिरीस ४,९५० लिटर.

पिकाच्या बाजूचा हिशेब त्याहून सोपा आहे. एक गुंठा जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारें १०० लिटर. हा एक आंकडा प्रत्येक मळेकऱ्यानें पाठ करावा. भर वाढीच्या माळव्यास थंडीच्या दिवसांत रोज सुमारें ४ मिलिमीटर, फाल्गुनांत ६ व चैत्रांत ८ मिलिमीटर पाणी लागतें असें ठोकळ मानानें धरावें. म्हणजे गुंठ्यामागें रोज ४००, ६०० व ८०० लिटर. माती, वारा व पीक ह्यांप्रमाणें ह्यांत कमीजास्त होईल. परंतु क्षेत्र ठरविण्यास हें माप पुरेसें आहे.

शेवटच्या पाण्याचा महिना

उदाहरणादाखल वीस फूट व्यासाची एक विहीर घेऊं. तिच्यावर दोन बैल, दोन गाई व घरचीं माणसें आहेत. त्यांच्यासाठीं रोजचे ८०० लिटर प्रथम बाजूस काढावे. उरलेलें पाणी उघड्या पाटानें वाफ्यांत सोडलें तर शंभर लिटरांपैकीं साठ लिटर मुळांस पोंचलें तरी पुष्कळ झालें. ह्या धोरणानें पुढील हिशेब पाहावा.

कार्तिकांत आवक ६ फूट आहे. एकूण ५२,८०० लिटर; घरखर्च वजा जातां ५२,०००; त्यांपैकीं पिकास मिळणारे ३१,२००. गुंठ्यास ४०० लिटर धरतां ७८ गुंठे, म्हणजे जवळजवळ दोन एकर भिजतात.

फाल्गुनांत आवक २ फूट राहिली. एकूण १७,६०० लिटर, घरखर्च वजा जातां १६,८००, पिकास १०,०८०. गुंठ्यास ६०० लिटर धरतां १७ गुंठे भिजतात.

चैत्रांत आवक दीड फूट राहिली. एकूण १३,२०० लिटर, घरखर्च वजा जातां १२,४००, पिकास ७,४४०. गुंठ्यास ८०० लिटर धरतां ९ गुंठे भिजतात.

विहीर तीच, मालक तोच, आणि वर्षही तेंच. कार्तिकांत जी विहीर दोन एकरांस पुरेशी वाटते, तीच चैत्रांत पाव एकरासही पुरत नाहीं. कारण आवक घटत असतांनाच पिकाची तहान दुपटीनें वाढते. माळव्यांत जें नुकसान होतें त्याचें मूळ बहुधा ह्या दोन ओळींमधील अंतरांत असतें.

कार्तिकांत बसून फाल्गुनाची आवक कशी कळावी, असा प्रश्न येथें कोणी विचारील. त्यास उत्तर वहीचें. आश्विन ते मार्गशीर्ष ह्या काळांतील चार-सहा मोजण्यांवरून विहीर महिन्यास कोणत्या प्रमाणांत उतरते हें दिसूं लागतें. कार्तिकांत ६ फूट व मार्गशीर्षांत साडेचार फूट आवक असेल तर महिन्यागणिक चौथा हिस्सा घटतो असें धरावें. त्या मानानें पौषांत साडेतीन, माघांत अडीच, फाल्गुनांत दोन व चैत्रांत दीड फूट राहील. शेजारच्या विहिरींचा उपसा वाढला तर ह्याहूनही कमी. मागील वाईट वर्षांचें टिपण ज्याच्याजवळ असेल त्याचा अंदाज अधिक नेमका येतो. म्हणूनच २०१२, २०१५, २०१८ व २०२३ ह्या सालांत आपली विहीर कोणत्या महिन्यांत काय देत होती, हें घरांतील वडील माणसांस विचारून आजच लिहून काढावें.

ह्याच हिशेबांत लावणीच्या तारखेचें महत्त्वही दिसून येतें. रब्बीचा कांदा लावणीपासून सुमारें ११० ते १२० दिवसांनीं काढणीस येतो, व काढणीपूर्वीं दोन ते तीन आठवडे त्याचें पाणी तोडावें लागतें. मार्गशीर्षाच्या मध्यास लावलेल्या कांद्याचें शेवटचें पाणी फाल्गुनांत पडतें. पौषाच्या अखेरीस लावलेल्याचें चैत्राच्या शेवटीं जातें. म्हणजे वरील विहिरीवर लवकर लावणाऱ्यानें सतरा गुंठे लावले तर चालतील, आणि दीड महिना उशीर करणाऱ्यानें नवांच्या वर जाऊं नये. अवर्षणाच्या वर्षीं उशिराची लावणी म्हणजे क्षेत्रांत निम्म्यानें घट, असेंच समजावें.

ज्वारीचा न्याय माळव्यास लागू नाहीं

पाणी थोडें आहे तर सर्व रानास थोडथोडें द्यावें, कांहींतरी हातीं लागेलच, असा पुष्कळांचा विचार असतो. हा विचार ज्वारीवरून आलेला आहे व ज्वारीपुरता तो खोटा नाहीं. रब्बी ज्वारीस पोटरींत एक संरक्षक पाणी मिळालें तर कणीस भरतें, न मिळालें तर दाणा बारीक राहतो, पण कडबा घरीं येतो. पीक सर्वस्वीं बुडत नाहीं. माळव्याचें तसें नाहीं. कांद्यास लागणाऱ्या पाण्यांत चौथा हिस्सा तूट आली तर उत्पन्नांत चौथ्या हिश्श्याहून किंचित् अधिकच घट येते, हें अनेक देशांतील प्रयोगांवरून ठरलेलें आहे. शिवाय ही घट केवळ वजनाची होय. कांदा बारीक पडतो, आणि पेठेंत त्यास गोल्टीचा भाव मिळतो. टोमॅटोस पाणी कधीं भरपूर व कधीं मुळींच नाहीं असें झालें तर चुना मुळांतून फळापर्यंत नीट पोंचत नाहीं, व फळाचें बूड काळें पडून सडतें. कोबीचा गड्डा पोकळ राहतो किंवा फुटतो. भेंडी निबर होते. दुष्काळांत फुलकिडे व लाल कोळी ह्यांचा उपद्रवही वाढतो. म्हणजे माल कमी येतो, तो हलका येतो, आणि त्यावर औषधाचा खर्च मात्र जास्त होतो.

म्हणून अर्ध्या पाण्यावर एक एकर करण्यापेक्षां पुऱ्या पाण्यावर वीस गुंठे करणें केव्हांही फायद्याचें. बियाणें, खत व मजुरी अर्धी लागते, आणि माल पेठेंत पहिल्या प्रतीचा जातो. कोरडवाहू शास्त्रानेंही दुसऱ्या वाटेनें हाच धडा घालून दिला आहे. मांजरी येथें १९२३ पासून व सोलापूर येथें १९३३ पासून अवर्षणाच्या मुलखांतील शेतीचे जे प्रयोग झाले, त्यांतून पाभरीचें अंतर वाढवावें व एकरीं बीं कमी पेरावें हा उपदेश निघाला. ओल जेवढी, तेवढींच ताटें ठेवावीं हें त्याचें तात्पर्य. जिराइतांत आपण हें मानतों. बागाइतांत विहिरीवर पंप बसला कीं विसरतों.

कोणतें पीक घ्यावें

क्षेत्र ठरल्यावर पिकाची निवड करावयाची. तिच्यांत तीन गोष्टी पाहाव्या: पीक किती दिवस रानांत राहतें, त्याचें मूळ किती खोल जातें, आणि मधेंच सोडावें लागलें तर काय हातीं राहतें.

मेथी पंचवीस ते तीस दिवसांत, पालक महिन्या-सवामहिन्यांत, कोथिंबीर व मुळा सुमारें दीड महिन्यांत निघतात. ह्यांचा एकेक वाफा आठ आठ दिवसांच्या अंतरानें पेरीत गेलें म्हणजे शेतकऱ्यास दर आठवड्यास पुन्हा विचार करण्यास सवड मिळते. विहीर उतरली तर पुढचा वाफा पेरला नाहीं कीं झालें. नुकसान झालेंच तर एका वाफ्याचें. ह्या भाज्यांचा भाव चंचल असतो व काढणीस घरचीं माणसें लागतात हें खरें. तथापि घरच्या बायकामाणसांच्या श्रमांवर चालणाऱ्या लहान मळ्यास अशा वर्षीं ह्याच भाज्या आधार देतात.

गवार व चवळी ह्यांचें सोटमूळ खोल जातें, आणि तीं उन्हाळ्याचा ताण चांगला सोसतात. वांग्याचेंही मूळ खोल असतें. त्यांत आणखी एक गुण असा कीं, पाणी अगदींच तुटलें तर झाड छाटून ठेवावें, आणि मृगाचा पाऊस झाल्यावर तें पुन्हा फुटून माल देतें. कांद्याचीं मुळें मात्र वरच्या फूटभर मातींतच असतात. त्यास पाणी हलकें पण वेळच्या वेळीं पाहिजे. एक पाळी चुकली तर पुढच्या पाळीस दुप्पट पाणी देऊन ती भरून निघत नाहीं. टोमॅटो, ढोबळी मिरची व कोबी-फ्लॉवर हीं पिकें भांडवलाचीं आहेत. काठी, सुतळी, खत व औषध ह्यांचा खर्च आधीं, आणि पैसा शेवटीं. अवर्षणाच्या वर्षीं हीं लावूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या विहिरीचा फाल्गुनाचा आंकडा पक्का आहे तिच्यावरच, आणि त्या आंकड्याच्या आंत राहूनच, लावावीं.

विहीर खालीं गेली कीं पुष्कळ ठिकाणीं पाणी मचूळ होतें. अशा पाण्यावर घेवडा, गाजर व कांदा हीं लवकर पिवळीं पडतात. बीट व पालक पुष्कळ टिकतात. हाही विचार निवडीच्या वेळीं करावा.

रोप टाकणें निराळें, लावणी निराळी

ज्या पिकांचें रोप तयार करावें लागतें, त्यांत शेतकऱ्यास एक मोठी सोय आहे व तिचा उपयोग फार थोडे लोक करून घेतात. एक एकर कांद्यास सुमारें दोन गुंठ्यांची रोपवाटिका व तीन-चार किलो बीं पुरतें. रोप आश्विन-कार्तिकांत टाकावें लागतें व तें पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत लावणीस येतें. ह्या दीड महिन्यांत रोपवाटिकेस पाणी अत्यल्प लागतें; विहिरीचा कल मात्र ह्याच काळांत स्पष्ट होतो. म्हणून रोप हव्या त्या क्षेत्राचें टाकावें, पण लावणी किती करावयाची हें त्या दिवशीं ठरवूं नये. मार्गशीर्षाच्या अमावास्येची मोजणी हातीं आल्यावर तें ठरवावें.

रोप टाकलें आहे म्हणून लावलेंच पाहिजे, ही समजूत मळेकऱ्यास फार महाग पडते. बियाण्याचे पैसे गेले ते गेलेच. ते वांचविण्यासाठीं त्याच्या कितीतरी पटींनीं खर्च लावणींत घालणें हा कोणता हिशेब? जास्तीचें रोप ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्यास विकावें. गिऱ्हाईक न मिळालें तर पातीसाठीं वापरावें.

सरकारी घोषणेची वाट पाहून हा निर्णय होत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. २०१८ सालीं १५१ तालुक्यांत, व २०२३ सालीं पुरंदर-बारामतीसह ४० तालुक्यांत राज्य सरकारनें दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबर ह्या तारखेस. तोंपर्यंत पुष्कळांचें कांद्याचें रोप टाकून झालेलें असतें. ती घोषणा सवलतींच्या दृष्टीनें उपयोगी खरी. परंतु ती तालुक्याची असते. आपल्या विहिरीची घोषणा आपणच करावयाची असते.

ठिबकाचा लाभ व लोभ

ठिबक सिंचनानें वाटेंत मुरणारें व उडून जाणारें पाणी वांचतें ह्यांत शंका नाहीं. शंभर लिटरांपैकीं नव्वद लिटर मुळांस पोंचलें असें धरलें तर आमच्या उदाहरणांतील विहिरीवर फाल्गुनांत १७ च्या जागीं २५ गुंठे, व चैत्रांत ९ च्या जागीं सुमारें १४ गुंठे भिजतील. हा लाभ मोठा आहे. परंतु त्यानें ७८ गुंठे भिजत नाहींत, हें विसरूं नये. ठिबक बसविल्यावर वांचलेल्या पाण्यावर लगेच क्षेत्र वाढविण्याचा मोह होतो, आणि मग अवर्षणांत ठिबकवाला व पाटवाला एकाच दिवशीं कोरडे पडतात. वांचलेल्या पाण्यापैकीं निदान कांहीं हिस्सा शेवटच्या महिन्यासाठीं राखून ठेवावा, असा आमचा आग्रह आहे.

ज्यांस ठिबक परवडत नाहीं त्यांनींही हातपाय गाळूं नयेत. पाट स्वच्छ व शक्य तर नळीचा करावा; वाफे लहान व सपाट ठेवावे; रुंद सऱ्यांच्या पिकास एकाआड एक सरी भिजवून पुढच्या पाळीस उरलेल्या सऱ्या घ्याव्या; उसाचें पाचट किंवा वाळलेलें गवत ओळींत आंथरावें; आणि तण वेळच्या वेळीं काढावें. एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी, असें जुनीं माणसें म्हणत तें भेगाळणाऱ्या काळ्या रानास विशेष लागू आहे.

पाणी मधेंच तुटल्यास

इतकें करूनही अंदाज चुकेल असा प्रसंग येतो. तेव्हां कोणता वाफा सोडावा ह्याचा निर्णय लवकर करावा लागतो, आणि तोच सर्वांत जड जातो. आमचें मत असें आहे कीं, जें पीक आज सर्वांत वाईट दिसतें तें सोडण्यापेक्षां, ज्यास अद्याप सर्वांत जास्त पाणी लागावयाचें आहे तें प्रथम सोडावें. महिनाभरापूर्वीं लावलेलें हिरवेंगार फ्लॉवर सोडून दोन पाण्यांवर आलेला सुकलेला कांदा वांचविणें मनास पटत नाहीं, परंतु हिशेबास पटतें. पोसत आलेला कांदा अगदींच पाणी नसेल तर पातीसह ओला काढून विकतां येतो. टोमॅटोचे वरचे शेंडे व उशिरांचे फुलोरे खुडून खालचें फळ पोसवितां येतें. सोडलेल्या वाफ्यांतला पाला जनावरांस घालावयाचा असेल तर त्यावर औषध केव्हां मारलें होतें हें आधीं पाहावें.

ह्याच वेळीं विंधनविहीर घेण्याची कल्पना निघते. उभें पीक वांचविण्यासाठीं कर्ज काढून भोंक पाडणें हा जुगार होय, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. आपल्या कातळांत खोल गेल्यानें पाणी लागेलच असें नाहीं. लागलें तर पुष्कळदां तें आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या विहिरीचें असतें. १९७२ च्या दुष्काळापेक्षां पुढील दुष्काळांत विहिरींची खोली वाढली, पाऊस मात्र वाढला नाहीं. ६० मीटरांहून खोल विहिरींवर राज्याच्या भूजल कायद्यानें जो निर्बंध घातला आहे, त्याच्या मुळाशीं हेंच कारण आहे.

गांवाचा विचार

एकट्यानें कितीही काटेकोर हिशेब केला तरी कातळाच्या भेगा बांधावर थांबत नाहींत. आम्ही सतरा गुंठे लावले आणि वरच्या अंगाच्या शेजाऱ्यानें दोन एकर ऊस केला, तर आमचा फाल्गुनाचा आंकडा माघांतच खोटा ठरतो. ह्यास्तव लागणीचा निर्णय शक्य तेथें गांवानें एकत्र बसून करावा.

असें होऊं शकतें ह्याचे दाखले आपल्याच मुलखांत आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनीं पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें जें काम सुरू केलें, त्यांतून पाणी पंचायत उभी राहिली. पाण्याचा वांटा जमिनीवर नव्हे तर माणसांवर ठरवावा, माणशीं अर्ध्या एकराचें व कुटुंबास फार तर अडीच एकरांचें पाणी द्यावें, भूमिहीनासही वांटा असावा, आणि त्या पाण्यावर ऊस करूं नये, असे तिचे नियम होते. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें पडलेला पाऊस व विहिरींची पातळी मोजून वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडतात, व त्याप्रमाणें पिकें ठरवितात. शेतीसाठीं विंधनविहिरी घेण्यास तेथें बंदी आहे. हे दोन्ही गांव कमी पावसाचेच. त्यांनीं केलें तें एवढेंच कीं, जो हिशेब एका विहिरीवर करावयाचा तो साऱ्या शिवाराचा केला.

सर्व गांव एकदम ऐकेल अशी अपेक्षा आम्ही करीत नाहीं. परंतु एका ओढ्याकांठचे पांच-सात विहीरवाले एकत्र येऊन मार्गशीर्षाच्या अमावास्येस आपापल्या वह्या समोर ठेवतील, तर निदान कोणी किती लावावें ह्याबद्दल कांहीं समजूत होऊं शकेल. ज्याच्या विहिरीवर माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी अवलंबून आहे, तिच्याभोंवतालीं उन्हाळी पीक कोणीं घेऊं नये, इतकें ठरलें तरी वैशाखांतला टँकर कांहीं दिवस लांबेल.

आमच्या सभासद बंधूंस शेवटीं विनंति अशी कीं, येत्या आश्विनापासून प्रत्येकानें दोर, वही व अमावास्या ह्यांचा मेळ घालावा, आणि विहिरीचा व्यास, दर महिन्याची आवक, लावलेले गुंठे व हातीं आलेला माल असें टिपण ठेवून वर्षअखेर तें आम्हांकडे धाडावें. निरनिराळ्या गांवांचीं अशीं टिपणें एकत्र झालीं म्हणजे कोणत्या भागांत विहिरी महिन्यास किती प्रमाणांत उतरतात, हें सांगतां येईल, आणि पुढील अवर्षणांत नवीन मळेकऱ्यास सुद्धां कार्तिकांत बसून फाल्गुनाचा अंदाज करितां येईल.